घरी बांधलेली मोटार आणि पिवळ्या दिव्याची जागा

ताम्हिणी घाटातली रात्र. समोरून एकच दिवा येतोय. मोटारसायकल असणार, असं म्हणून आपण निवांत असतो. अगदी जवळ आल्यावर कळतं की तो ट्रक आहे आणि त्याचा आपल्या बाजूचा हेडलाइट गेलेला आहे. काळजाचा ठोका चुकतो. खरं तर जो दिवा चालू होता, त्याने काहीच चूक केली नव्हती. तो पुरेसा उजेड देत होता. पण जोडीदार विझल्यामुळे हा उरलेला दिवा गाडीच्या कुठल्या टोकाला बसलाय, हे कळायला मार्ग नव्हता.

इंडिकेटरचं दुखणं याहून अवघड आहे, कारण तो मुळातच एकटा लुकलुकतो. ‘मी डावीकडे वळतोय’ हे सांगायला त्याच्यापाशी ना बाण असतो, ना अक्षर. रंगही वेगळा नाही. डावा पिवळा आणि उजवाही पिवळाच. मग समोरच्याला दिशा कळते कशावरून? दिवा गाडीच्या कुठल्या बाजूला आहे, एवढ्याच गोष्टीवरून. दिव्याची जागा हाच त्याचा निरोप. जागा चुकली की दिवा लागूनही मुका राहतो.

शोरूममधून गाडी आणणाऱ्याला याचा विचार करावा लागत नाही. कारखान्यातल्या कुणीतरी तो आधीच केलेला असतो. पण गाडी जर तुम्ही स्वतः, घराच्या गॅरेजमध्ये, नटबोल्ट आवळून बांधली असेल तर? ब्रिटनमध्ये हजारो हौशी मंडळींनी हे केलं आहे. गंमत अशी की इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं निभावून नेलेला माणूस तपासणीच्या वेळी कधीकधी अडतो तो मोसंब्यापेक्षा लहान अशा एका पिवळ्या दिव्यापाशी.

सुट्या भागांची मोटार

किट कार म्हणजे खोक्यांतून सुट्या भागांच्या रूपात येणारी मोटार. सांगाडा, पत्रा किंवा फायबरचं अंग, आसनं वगैरे एका कंपनीकडून घ्यायची. इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचे भाग बरेचदा एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे. अशा जुन्या गाडीला तिकडे ‘डोनर’ म्हणतात, म्हणजे अवयवदान करणारी. फोर्ड सिएरा आणि माझदा एमएक्स-५ या गाड्यांनी असं बरंच दान केलं आहे.

ब्रिटनमध्ये ही हौस फोफावण्यामागे कर हे मोठं कारण होतं. कोलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही हलकीफुलकी, उघडी, दोन आसनांची मोटार आणली. तयार मोटारीवर खरेदी कर लागे. सुट्या भागांत घेतली तर तो वाचे. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि गाडीचा तोच घाट पुढे चालू राहिला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. फक्त २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असा त्याचा मथळाच होता. त्यानंतर तर लोखंडी चौकोनी नळ्या कापून, वेल्डिंग करून सेव्हनसारखा सांगाडा उभा करणाऱ्यांची एक फौजच तयार झाली.

सरकार फार काळ गप्प बसणं शक्य नव्हतं. १९९८ मध्ये एकेका गाडीच्या स्वतंत्र तपासणीची ‘एसव्हीए’ ही पद्धत आली आणि २००९ मध्ये तिच्या जागी अधिक कडक ‘आयव्हीए’ आली. आपल्याकडे आरटीओत गाडी ‘पासिंगला नेली’ म्हणतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे तपासनीस जवळपास अख्खी गाडी नव्याने तपासतो, कारण तिच्यासारखी दुसरी गाडी जगात नसते. त्याच्या यादीत दिव्यांचा विभाग मोठा आहे आणि त्यातले बहुतेक आकडे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४८ क्रमांकाच्या नियमातून आलेले आहेत. हा नियम दिवा कसा बनवावा हे सांगत नाही. तो गाडीवर कुठे बसवावा एवढंच सांगतो. दिव्याच्या घडणीचे नियम वेगळे.

आधी रुंदी

पहिला प्रश्न: दिवा मधल्या रेषेपासून किती लांब?

घरी गाडी बांधणाऱ्याच्या मनात सहज येतं ते असं, की सेव्हनच्या निमुळत्या नाकावर दोन सुबक दिवे लावावेत. दिसायला छान, वायरही कमी. पण अशी गाडी लांबून बघा. दोन्ही दिवे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतील. रात्री त्यातला एक लुकलुकला, तर तो डावा की उजवा हे समोरच्याला ठरवता येणार नाही. पुन्हा तोच ताम्हिणीतला ट्रक.

म्हणून नियमात दोन मोजमापं आहेत. एक, दिव्याची बाहेरची कड गाडीच्या सर्वांत बाहेरच्या कडेपासून ४०० मिमीपेक्षा आत नसावी. दोन, डाव्या-उजव्या दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिमी अंतर असावं. गाडीच १३०० मिमीपेक्षा अरुंद असेल, तर ४०० मिमी चालतं.

ही दोन मापं एकमेकांना सांभाळून घेतात. समजा तुमची गाडी १६०० मिमी रुंद आहे. मधल्या रेषेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ८०० मिमी. त्यातले ४०० वजा केले तर दिव्याची बाहेरची कड मधल्या रेषेपासून किमान ४०० मिमीवर हवी. दिवा ७० मिमी व्यासाचा असेल तर त्याची आतली कड ३३० मिमीवर येते, म्हणजे दोन दिव्यांत ६६० मिमी. दुसरी अट आपोआप सुटली. रुंद गाडीला पहिली अट बांधून ठेवते, अरुंद गाडीला दुसरी.

इथे एक खोच आहे. ‘सर्वांत बाहेरची कड’ मोजताना आरसे धरत नाहीत आणि बाजूचे इंडिकेटरही धरत नाहीत. सेव्हनसारख्या गाडीचं अंग अरुंद, पण चाकं आणि मडगार्ड दोन्हीकडे लांब बाहेर आलेली. त्यामुळे गाडीची रुंदी ठरते मडगार्डवरून आणि दिवा बसवायला जागा असते ती अंगावर. पातळ शरीराच्या माणसाने ढगळ कोट घालावा आणि शिंप्याने खिसे कोटाच्या मापाने लावायला सांगावं, तशी ही अडचण. बहुतेक जण मग नाकाचा नाद सोडून हेडलाइट ज्या आडव्या दांडीवर असतात, तिच्यावर किंवा तिच्याखाली इंडिकेटर टांगतात.

उंचीचा नियम सोपा आहे. दिव्याची खालची कड जमिनीपासून ३५० मिमीच्या वर आणि वरची कड १५०० मिमीच्या खाली असावी. उघड्या सेव्हनला त्रास नाही. पण फोर्ड जीटी-४० या शर्यतीच्या गाडीच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांना हिशेब करावा लागतो. या गाडीच्या नावातला ४० हा आकडा तिच्या उंचीचा आहे: ४० इंच, म्हणजे जेमतेम एक मीटर, तेही छतासकट. तिचं नाक किती खाली असेल याचा अंदाज करा. दिवा दोन बोटं खाली गेला तरी गणित फसू शकतं.

कुणाला दिसायचंय?

रुंदी-उंची फीतपट्टीने मोजता येते. खरी कसोटी लागते ती कोनांची.

गाडीच्या चारही बाजूंना माणसं उभी आहेत अशी कल्पना करा. समोर एक, मागे एक, तिरक्या कोपऱ्यांवर चार, आणि अगदी दारालगत दोन. गाडी वळणार असेल तर यातल्या ज्याला धक्का बसू शकतो, त्या प्रत्येकाला किमान एक लुकलुकता दिवा दिसलाच पाहिजे. एका दिव्याला हे जमणं अशक्य. म्हणून प्रत्येक बाजूला तीन दिवे आपापसात वाटणी करून घेतात. पुढचा दिवा समोरचं आणि पुढच्या कोपऱ्याचं बघतो. मागचा मागचं बघतो. आणि बाजूचा छोटा दिवा, ज्याला साइड रिपीटर म्हणतात, तो दाराशेजारी चालणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी असतो. हा मोटारसायकलवाला मागच्या दिव्याला ओलांडून पुढे आलेला असतो आणि पुढच्या दिव्याचं तोंड त्याच्याकडे नसतं. रिपीटर नसेल तर त्याच्यापुरती गाडी इंडिकेटर न देताच वळते.

पुढच्या दिव्याला बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसावं लागतं. नाकासमोर सरळ म्हणजे शून्य अंश, आणि बरोबर काटकोनात बाजूला म्हणजे ९०. यावरून ८० म्हणजे जवळजवळ बाजूलाच. आतल्या बाजूला ४५ अंश पुरतात, कारण गाडीच्या दुसऱ्या कोपऱ्यापलीकडच्या माणसाला हा दिवा थोडा तिरपा दिसला तरी चालतो. मागच्या दिव्यांनाही हेच आकडे. वर आणि खाली १५-१५ अंश. मात्र दिवा जमिनीपासून ७५० मिमीपेक्षा खाली असेल तर खालच्या बाजूला ५ अंश पुरे. कारण उघड आहे. इतक्या खालून बघणारा रस्त्यावर एखादं मांजरच असणार, आणि मांजरं इंडिकेटर बघून रस्ता ओलांडत नाहीत.

या कोनांत दिवा नुसता दिसायला हवा. सगळीकडे सारखाच प्रखर असायला नको. प्रकाशाची तीव्रता कँडेलात मोजतात. एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड. पुढचा इंडिकेटर सरळ समोर काहीशे कँडेला देतो, तर ८० अंशांच्या टोकाला एका कँडेलाहूनही कमी चालतो. समोरून येणारा लांबून बघत असतो, बाजूचा जवळून. त्याला मेणबत्तीही पुरते, फक्त मध्ये काही आड येता कामा नये.

आड येणारी चाकं

आणि सेव्हनच्या बाबतीत नेमकं तेच होतं. बंद अंगाच्या मोटारीत चाक अंगाच्या आत असतं. सेव्हनचं पुढचं चाक नाकाच्या बाजूला, बाहेर, सायकलच्या चाकासारखं उघडं उभं असतं, वर मडगार्ड घेऊन. नाकावरच्या दिव्यातून ८० अंशांवर एक रेषा काढा. ती थेट टायरवर जाऊन आदळते. समोरच्याला दिवा स्पष्ट दिसतो, पण चौकात डावीकडून येणाऱ्याला दिसतं ते फक्त चाक.

उपाय दोनच. दिवा पुढे आणा, म्हणजे रेषा चाकाच्या पुढून निघेल; किंवा वर न्या, म्हणजे ती मडगार्डावरून जाईल. दोन्हीत नवा त्रास आहे. पुढे आणलेला दिवा दांडीवर तरंगतो आणि थरथरतो. वर नेलेला हेडलाइटला चिकटतो. त्याचं दुखणं पुढे येतंच आहे.

मागे स्टेपनी टांगलेली असेल तर आतले ४५ अंश अडतात. इथे मात्र हिशेब अगदी सोपा आहे, कारण ४५ अंशांत पुढे जेवढं, बाजूला तेवढंच. स्टेपनी दिव्याच्या पातळीपेक्षा २०० मिमी मागे आली असेल, तर ती दिव्यापासून बाजूलाही निदान २०० मिमी दूर हवी.

सगळ्यांत फसवा निघतो तो साइड रिपीटर. त्याचं काम मागे बघण्याचं: गाडीच्या कडेला समांतर रेषा धरली, तर तिच्यापासून बाहेर ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत. सुरुवातीचे ५ अंश सोडून दिलेत, कारण कुठल्याही गाडीचं अंग थोडंफार फुगीर असतंच. बांधणाऱ्याला वाटतं, बॉनेट संपतं तिथे बाजूच्या पत्र्यावर रिपीटर लावला की झालं. आता मागे बघा. सेव्हनची मागची मडगार्डं अंगापासून वीतभर बाहेर आलेली असतात. समजा रिपीटरपासून मडगार्ड १२०० मिमी मागे आहे. ५ अंशांच्या रेषेत तेवढ्या अंतरावर मडगार्ड जास्तीत जास्त १०५ मिमी बाहेर चालेल. प्रत्यक्षात ते असतं त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे नेमक्या ज्या पट्ट्यात मोटारसायकलवाला असतो, तिथे रिपीटर मडगार्डाच्या सावलीत. यामुळे पुष्कळ जण रिपीटर पुढच्या मडगार्डाच्या बाहेरच्या अंगाला लावतात. वायर मडगार्डाच्या आधाराच्या नळीतून न्यावी लागते, ते काम किचकट आहे. पण दिवा गाडीच्या बाहेरच्या कडेवर येतो आणि मागचा रस्ता मोकळा होतो.

रिपीटर फार मागेही लावता येत नाही. गाडीच्या पुढच्या टोकापासून तो १८०० मिमीच्या आत अपेक्षित आहे. रचनाच आड येत असेल तर २५०० मिमीपर्यंत मुभा मिळते.

सूर्यापुढे काजवा

हेडलाइटला चिकटलेल्या इंडिकेटरचं काय होतं? सूर्यापुढे काजवा. डोळ्यांवर पांढरा झोत पडत असताना त्याच्या शेजारची पिवळी लुकलुक विरून जाते. हे टाळायचा एक मार्ग म्हणजे अंतर ठेवणं, दुसरा म्हणजे काजव्यालाच मोठं करणं. नियमाने दोन्ही मार्ग मोकळे ठेवले आहेत. हेडलाइटच्या जवळच्या झोतापासून इंडिकेटर ४० मिमी किंवा अधिक दूर असेल, तर सरळ समोर किमान १७५ कँडेला पुरतात. अंतर २० ते ४० मिमी असेल तर २५० लागतात. २० मिमीपेक्षाही जवळ असेल तर ४००.

दुकानात दिवा घेताना हे कळायचं कसं? काचेवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि एक आकडा: तो दिवा कुठल्या देशाने मंजूर केला ते सांगतो. ई-१ म्हणजे जर्मनी, ई-११ म्हणजे ब्रिटन. शेजारी आणखी एक खूण असते. १, १-ए आणि १-बी हे पुढचे दिवे, वर सांगितलेल्या अंतरांच्या क्रमाने. २-ए मागचा. ५ म्हणजे साइड रिपीटर. सेव्हनच्या दांडीवर हेडलाइटखाली टांगायचा असेल तर १-बी घेतलेला बरा, असं माझं मत. चार पैसे जास्त गेले तरी फीतपट्टीचा वाद राहत नाही.

काही दिव्यांवर एक छोटा बाणही असतो. पुढच्या-मागच्या दिव्यांवर तो गाडीच्या बाहेरच्या बाजूला वळलेला हवा, रिपीटरवर गाडीच्या पुढच्या दिशेला. हा बाण न बघता रिपीटर उलटा बसवला, तर तो इमानेइतबारे पुढे उजेड फेकत बसतो आणि मागचा मोटारसायकलवाला अंधारात.

दिव्याचा पाया सरळ बसणं हेही यातच आलं. फायबरचं अंग गोलाईचं असतं. त्यावर दिवा तसाच आवळला की त्याचं तोंड आभाळाकडे किंवा गटाराकडे होतं, आणि प्रयोगशाळेत मोजलेले सगळे कोन त्याच्यासोबत कलंडतात. खाली रबराची किंवा ॲल्युमिनियमची पाचर घालून तोंड सरळ करावं लागतं. दोन्ही बाजूंचे दिवे एकाच उंचीवर, मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर हवेत. उघडणाऱ्या डिकीच्या झाकणावर मागचा इंडिकेटर लावणं तर टाळावंच. झाकण उघडं असलं की तो ढगांना इशारे देतो.

आणि हे सगळं जमवून आणलेल्या दांडीला टोकं असतात. बाहेरून माणसाला लागू शकेल अशा भागांची कड किमान २.५ मिमी त्रिज्येने गोलसर हवी, म्हणजे कडेवर ज्वारीचा दाणा ठेवल्यागत. कुठली टोकं लागू शकतात हे ठरवायला १०० मिमी व्यासाचा गोळा वापरतात. तो जिथे टेकतो तिथे धार नको. एवढ्या कष्टाने लावलेल्या दिव्याच्या नटावर शेवटी रबरी टोपी चढवावी लागते ती यासाठी.

टिकटिक का वाढते?

दिवा जागेवर बसला. आता तो लुकलुकायचा किती वेळा? मिनिटाला ६० ते १२०. आपली नाडीही साधारण याच पट्ट्यात असते. याहून संथ झाला तर बघणाऱ्याची नजर नेमकी विझलेल्या क्षणी पडून निसटू शकते; फार जलद झाला तर तो सलग लागल्यासारखा वाटू लागतो. कळ फिरवल्यावर एका सेकंदात दिवा लागलाही पाहिजे.

जुन्या गाड्यांत ही लय एक साधी पट्टी सांभाळायची. दोन धातू चिकटवून केलेली ही पट्टी वीज गेली की तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि जोड तुटतो. दिवा विझतो. पट्टी थंड होते, सरळ होते, पुन्हा जोड लागतो. टिक. टिक. हल्लीच्या गाड्यांत हा आवाज बरेचदा स्पीकरमधून मुद्दाम काढलेला असतो. जिवंत पट्टी कधीच गेली.

नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये एक शहाणपण घातलेलं असतं. एका बाजूला २१ वॉटचे दोन बल्ब आणि रिपीटरचा ५ वॉटचा, मिळून ४७ वॉट. १२ व्होल्टला साधारण ४ अँपियर. त्यातला एक मोठा बल्ब गेला की वीज जवळपास निम्मी होते. फ्लॅशर ते ओळखतो आणि टिकटिक एकदम वाढवतो. चालकाला कळतं, कुठेतरी बल्ब गेला. आता हौशी माणूस बल्बऐवजी एलईडी लावतो. एलईडी जेमतेम काही वॉट घेतो. फ्लॅशर बिचारा समजतो की सगळेच बल्ब गेले, आणि पिसाटल्यासारखा फडफडतो. मिनिटाला १२० ची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते आणि गाडी नापास. एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर लावणं हा सरळ उपाय. बल्बचं सोंग आणायला एक रोधक जोडणं हा दुसरा. चालतो, पण तापतो. एलईडी वीज वाचवायला लावायचा आणि वाचलेली वीज रोधकात जाळायची, हे मला तरी पटत नाही.

रंगाबद्दल थोडंसं. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो; ब्रिटनमधल्या या तपासणीत पिवळाच लागतो. मागे लाल म्हणजे ब्रेक ही सवय डोळ्यांना लागलेली असते, त्यात आणखी एक लाल लुकलुकला की क्षणभर घोटाळा होतो. अमेरिकेच्याच महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासून सांगितलं की मागचा इंडिकेटर पिवळा असलेल्या गाड्यांना, वळण्यासारख्या हालचाली करताना, मागून धडक बसण्याचं प्रमाण ५.३ टक्क्यांनी कमी आहे.

चौकट: एका नजरेत

बाहेरची कड: गाडीच्या कडेपासून जास्तीत जास्त ४०० मिमी
दोन दिव्यांतलं अंतर: किमान ६०० मिमी (अरुंद गाडीला ४००)
उंची: ३५० ते १५०० मिमी
पुढे-मागे दिसण्याचे कोन: बाहेर ८०, आत ४५, वर-खाली १५ अंश (दिवा ७५० मिमीखाली असल्यास खाली ५)
साइड रिपीटर: मागच्या बाजूला ५ ते ६० अंश
लय: मिनिटाला ६० ते १२०
रंग: पिवळा, काचेवर ‘ई’ची खूण

दोरी, ओळंबा आणि खडू

तपासणी केंद्रावर जाऊन नापास होण्यापेक्षा घरीच कोन मोजलेले बरे. त्याला यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, दोरी, फीतपट्टी आणि खडू पुरेत.

गाडी सपाट फरशीवर उभी करायची, पुढची चाकं सरळ. दिव्याच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुली मारायची. त्या फुलीतून गाडीच्या लांबीला काटकोनात बाहेर ३ मीटर मोजायचे. तिथून पुढच्या दिशेने ५३ सेंमी सरकायचं. झाला ८० अंशांचा बिंदू. तिथे उकिडवं बसून डोळे दिव्याच्या उंचीवर आणायचे आणि बघायचं. दिवा दिसला तर ठीक. मडगार्ड दिसलं तर दिवा हलवायचा. आतल्या ४५ अंशांसाठी ३ मीटर पुढे आणि ३ मीटर आत. वरच्या १५ अंशांसाठी ३ मीटर अंतरावर डोळे दिव्यापेक्षा ८० सेंमी वर. हे आकडे त्रिकोणमितीच्या शाळकरी तक्त्यातूनच आलेत. एकदा खडूने फरशीवर आखून ठेवले की पुन्हा गणित नको.

एकट्याला हे कंटाळवाणं होतं. घरातल्या कुणाला तरी बिंदूवर उभं करून ‘दिसतोय का?’ विचारत बसावं. आणि हे सगळं फायबरला भोक पाडण्याआधी, दिवा चिकटपट्टीने तात्पुरता लावून करायचं. पत्र्यातलं चुकीचं भोक बुजवता येतं. रंगवलेल्या फायबरमधलं बुजवलेलं भोक कायम डोळ्यांत खुपतं.

हे आकडे पुण्यातही आहेत

महाराष्ट्रात कुणी अशी गाडी गॅरेजमध्ये बांधून थेट आरटीओत नेईन म्हटलं, तर ते जमणार नाही. आपल्याकडे नव्या प्रकारच्या गाडीच्या नमुन्याला आधी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्याच. आणि नोंदणी झालेल्या गाडीचा मूळ घाट बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. हौसेला ब्रिटनइतकी वाट इथे नाही.

दिव्याचं शास्त्र मात्र तेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटर पिवळा हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चारचाकींवर दिवे कुठे बसवायचे याचं भारतीय मानक एआयएस-००८ आणि दुचाकी-तीनचाकींचं एआयएस-००९. ती प्रसिद्ध करणारी एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर आहे. मोटारसायकलचे मूळ इंडिकेटर काढून बोटाएवढे बारीक एलईडी नंबरप्लेटखाली लावणाऱ्यांपैकी किती जणांना याची खबर असेल, कोण जाणे.

तुमच्याकडे कुठलीही गाडी असली, तरी आज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढं करून बघा. डावा इंडिकेटर चालू ठेवा. पुढच्या दिव्यापासून बाजूला ३ मीटर जा, तिथून ५३ सेंमी पुढे व्हा आणि खाली बसा. मग मागच्या दाराशेजारी, मोटारसायकल चालते तिथे उभे राहा. दोन्ही ठिकाणांहून पिवळी लुकलुक दिसली पाहिजे. दिसली नाही तर काच पुसून बघा, आणि तरीही नाही दिसली तर उद्याच गॅरेज गाठा.